रोजच्या प्रवासासाठी परवडणारी लहान स्पोर्ट मोटारसायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान स्पोर्ट मोटारसायकल म्हणजे नेमके काय?

साधारणपणे १२५ ते ३०० सीसी इंजिन, अंगभर फेअरिंग (वारा अडवणारे प्लास्टिकचे आवरण), खाली बसवलेले क्लिप-ऑन हँडल (पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांना वेगवेगळे जोडलेले दोन तुकडे), किंचित मागे सरकवलेले फूटपेग आणि वळणावर भरवशाची वाटेल अशी चेसिस (गाडीचा सांगाडा) असलेल्या गाडीला लहान स्पोर्ट मोटारसायकल म्हणतात. यामाहाची आर१५, सुझुकीची जिक्सर एसएफ, केटीएमची आरसी २००, बजाजची पल्सर आरएस २०० आणि या गटाच्या वरच्या टोकाला कावासाकीची निन्जा ३०० ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. यांपैकी कोणते मॉडेल कोठे मिळते आणि कोणते बंद झाले आहे, हे वेळोवेळी बदलते. म्हणून येथे ही नावे केवळ तुलना समजावी एवढ्यापुरतीच घेतली आहेत.

अशी गाडी रोजच्या कामाला खरोखर चालते का?

चालते, मात्र निवड करताना दिवसातील सर्वांत संथ अर्धा तास डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. रोजच्या येण्याजाण्यात आपण बहुतेक वेळ पहिल्या तीन गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, सिग्नलला थांबत आणि पुन्हा निघत घालवतो. गाडीचा कमाल वेग या काळात एकदाही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ते चांगले ब्रेक, हलका क्लच, खालच्या आरपीएमवर (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर) न अडखळणारे इंजिन आणि अचानक रेषा बदलावी लागली तरी न डगमगणारी चेसिस. यांतील ब्रेक आणि चेसिस या दोन गोष्टी स्पोर्ट गाडीत सहसा उत्तम असतात, तर उरलेल्या दोन असतीलच असे नाही. त्यामुळे पुढील बहुतेक उत्तरे या उरलेल्या दोन गोष्टींभोवती फिरतात.

किती सीसीची गाडी घ्यावी?

प्रवास पूर्णपणे शहरातला असेल आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जात असेल, तर १५० ते १६० सीसी पुरेसे आहे. रोज काही अंतर महामार्गावरून ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने कापावे लागत असेल, तर २०० ते २५० सीसीचे इंजिन निवांत चालते आणि ओव्हरटेक करताना हाताशी थोडा जोर शिल्लक राहतो. ३०० सीसीची दोन सिलिंडरची गाडी सुरेख असते, पण तिचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जाते, आणि ते वजन वाहनतळातल्या दाटीतून गाडी मागे ढकलत काढताना रोज जाणवते. माझ्या मते केवळ रोजच्या वापरासाठी २५० सीसीच्या पलीकडे जाण्याचे कारण फारच थोड्यांकडे असते.

गाडी घेण्याआधी आपल्याकडील परवाना त्या इंजिनाला आणि शक्तीला चालतो का, हे अवश्य पाहावे, कारण काही देशांत नवशिक्या चालकांसाठी सीसीची किंवा किलोवॉटची मर्यादा असते.

माहितीपत्रकातील पीएस आणि न्यूटन-मीटर हे आकडे कसे वाचावेत?

पीएस हे शक्तीचे एकक आहे आणि न्यूटन-मीटर हे टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे. बहुतेक ग्राहक मोठा आकडा पाहतात आणि त्यापुढे लिहिलेला आरपीएम वाचतच नाहीत. खरी गोष्ट त्या आरपीएममध्ये असते.

१५५ सीसीच्या दोन गाड्या घेऊ. आर१५ साधारण १८.४ पीएस शक्ती १०,००० आरपीएमला देते आणि तिचा सर्वाधिक टॉर्क १४.२ न्यूटन-मीटर, तोही ७,५०० आरपीएमला मिळतो. जिक्सर एसएफ साधारण १३.६ पीएस शक्ती ८,००० आरपीएमला देते आणि तिचा सर्वाधिक टॉर्क १३.८ न्यूटन-मीटर, पण तो ६,००० आरपीएमलाच मिळतो. शक्तीच्या आकड्यांत सुमारे एक तृतीयांशाचा फरक दिसत असला तरी टॉर्क जवळजवळ सारखाच आहे. शक्ती म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असतो (न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात), म्हणून जे इंजिन आपला टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरते ते कागदावर बलवान दिसते. ही जास्तीची शक्ती हवी असेल, तर इंजिन त्या आरपीएमपर्यंत खेचण्याची तयारी आणि समोर तेवढा मोकळा रस्ता हवा.

याचा अर्थ आर१५ शहरात दुबळी आहे असा मुळीच नाही. तिच्यात इनटेक वॉल्व्हसाठी (इंधन-हवा आत घेणाऱ्या झडपांसाठी) दोन वेगळ्या आकारांचे कॅम (त्या झडपा उघडणारे उंचवटे) असून ७,४०० आरपीएमच्या सुमारास इंजिन एकावरून दुसऱ्यावर जाते. खालच्या आरपीएमवरचा जोर हरवू नये, हाच त्या योजनेचा हेतू आहे. तरीही गर्दीत ४,००० ते ६,००० आरपीएमच्या दरम्यान गाडी कशी वागते, हे माहितीपत्रकात कोठेही छापलेले नसते. ते चालवूनच कळते. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटर वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर हळूच द्यावा. गाडी न थरथरता पुढे सरकली, तर ती आपल्या कामाची आहे. प्रत्येक वेळी गिअर खाली टाकावा लागत असेल, तर सहा महिन्यांत डावा हात तक्रार करू लागतो.

वजनाचाही विचार याच वेळी करावा. १४० ते १५० किलोच्या गाडीतील १५ पीएस आणि १७० किलोच्या गाडीतील १५ पीएस यांत सिग्नलवरून निघताना स्पष्ट फरक पडतो.

मनगटे आणि पाठ दुखते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण यात गाडीइतकाच दोष बसण्याच्या पद्धतीचा असतो. माझ्या पहिल्या क्लिप-ऑन हँडलच्या गाडीवर आठवड्याभरातच संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. तळहाताच्या कडेवर शरीराचा भार पडला की तेथून जाणारी नस दाबली जाते आणि नेमकी हीच दोन बोटे सुन्न पडतात. कारण साधे होते: मी हँडलवर रेलून बसत होतो. गुडघ्यांनी टाकी दोन्ही बाजूंनी धरावी, पोटाचे स्नायू किंचित ताणलेले ठेवावेत आणि कोपरे ताठ न ठेवता थोडी वाकलेली असू द्यावीत. एवढे केले की हातांवरचा भार निम्म्याहून कमी झाल्यासारखे वाटते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हरही गरजेनुसार खाली-वर फिरवून घ्यावेत. बोटे, मनगट आणि हाताचा पुढचा भाग एका सरळ रेषेत आला पाहिजे. हे काम एका स्पॅनरचे आणि पाच मिनिटांचे आहे, पण शोरूममधून निघताना ते बहुधा कोणीच करून देत नाही.

वाऱ्याचाही येथे संबंध आहे. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे छातीवर येणारा वारा शरीराला थोडा आधार देतो आणि हातांवरचा भार हलका करतो. गर्दीतल्या संथ वेगात हा आधार मिळत नाही, म्हणून महामार्गावर आरामदायक वाटलेली गाडी शहरात छळते. हँडलची उंची पाहताना ते वरच्या चापाच्या (पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्या वरून जोडणाऱ्या पट्टीच्या) वर बसवले आहे की खाली, हे बारकाईने पाहावे. पल्सर आरएस २०० किंवा जिक्सर एसएफ यांसारख्या गाड्यांत हँडल तुलनेने उंच आहे आणि बसण्याची पद्धत रेसच्या गाडीपेक्षा खूपच सैल आहे. आधीपासून मानेचे, कमरेचे किंवा मनगटाचे दुखणे असणाऱ्यांनी याच प्रकारापासून सुरुवात करावी. दुखणे जुने असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये.

उंची कमी असेल तर स्पोर्ट गाडी घेता येते का?

घेता येते. केवळ सीटच्या उंचीचा आकडा पाहून निर्णय करू नये, कारण सीट पुढच्या बाजूला किती निमुळती आहे यावर पाय जमिनीपर्यंत पोहोचणे अवलंबून असते. ८१५ मिलिमीटर उंचीची निमुळती सीट ७९५ मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोयीची ठरू शकते. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असे नाही. एका पायाचा चवडा आणि पुढचा अर्धा तळवा भक्कम टेकत असेल, तरी सवयीने काम भागते. परंतु चढावर थांबून, मागे कोणी बसलेले असताना गाडी तोलता येते का, हे एकदा करून पाहिलेच पाहिजे.

या गाड्या वळवायला जड का जातात?

फेअरिंग आणि टाकी आड येत असल्यामुळे क्लिप-ऑन हँडल फार वळत नाही, त्यामुळे वळणाची त्रिज्या साध्या गाडीपेक्षा मोठी असते. अरुंद जागेत एका दमात होणाऱ्या यू-टर्नला येथे दोन-तीन वेळा पुढे-मागे करावे लागते. याची किंमत मी एकदा मोजली आहे. वाहनतळातून बाहेर पडताना हँडल पूर्ण उजवीकडे वळलेले होते, समोर कोणी अचानक आले आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. वेग चालण्याइतकाच होता, पण वळलेल्या चाकाला ब्रेक लागताच गाडी आतल्या बाजूला कलंडली आणि मला सावरता आली नाही. मला काही झाले नाही. मात्र फेअरिंगचा उजवा भाग नेमका बोल्टच्या भोकापाशी तडकला. तेव्हापासून हँडल वळलेले असताना संथ वेगात मी फक्त मागचा ब्रेक वापरतो.

एबीएस आवश्यक आहे का? एक चॅनेल की दोन?

एबीएस म्हणजे ब्रेक जोरात आवळला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. ती आवश्यक आहे, आणि खर्च कोठे वाचवावा असा प्रश्न आला तर येथे वाचवू नये. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. समोरच्या मोटारीचे दार उघडल्यावर मेंदूने ते टिपून हात ब्रेकपर्यंत जाईपर्यंतच इतके अंतर जाऊ शकते. उरलेल्या अंतरात घाबरलेला हात ब्रेक आवळतो, आणि ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर पुढचे चाक अडकले की गाडी सावरायला वेळच मिळत नाही. एक चॅनेलचे एबीएस या गटात सहसा पुढच्या चाकाला असते आणि मोठा धोका तेच टाळते. दोन चॅनेलचे एबीएस मागचे चाकही सांभाळते, त्यामुळे घसरत्या रस्त्यावर गाडी शेपटीकडून आडवी होण्याची शक्यता कमी होते. एकाच मॉडेलचे दोन प्रकार मिळत असतील, तर रंग आणि डिजिटल मीटर यांआधी दोन चॅनेलचे एबीएस निवडावे. मात्र एबीएस असूनही झिजलेला टायर झिजलेलाच राहतो, याचा विसर पडू देऊ नये.

गर्दीत इंजिनाची धग लागते का?

लिक्विड-कूल्ड इंजिनात तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा फेअरिंगच्या फटींतून मांड्यांवर व पोटऱ्यांवर येते. इंजिनाच्या दृष्टीने हे चांगलेच असते. त्रास होतो तो चालकाला. एअर-कूल्ड इंजिन हवेच्या झोतावर अवलंबून असते, त्यामुळे दीर्घकाळ थांबून राहिल्यास ते तापते आणि गिअर थोडे अडकल्यासारखे वाटतात, पण त्यात पंखा, पाण्याचा पंप आणि होजपाइप नसल्याने बिघडायलाही कमी असते. रोज वीस मिनिटांहून अधिक काळ कोंडीत अडकत असाल, तर टेस्ट राइड दुपारी घ्यावी. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना टाकीवरील दोन रेषांच्या मध्ये असावी; गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

ॲव्हरेजला किती महत्त्व द्यावे?

लोक देतात त्यापेक्षा कमी. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्यास लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी सुमारे २२ लिटर पेट्रोल लावते, तर ३५ किलोमीटर देणारी सुमारे २८.५ लिटर, म्हणजे फरक साडेसहा लिटरच्या आत आहे. आपल्याकडील पेट्रोलच्या दराने त्याला गुणावे आणि आलेल्या रकमेसाठी न आवडणारी गाडी चालवायची का, हे स्वतःला विचारावे. खरे ॲव्हरेज मोजायचे असेल तर टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करावी, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, पुन्हा पूर्ण भरावी आणि कापलेले अंतर दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागावे. मीटरवर दिसणारा आकडा अंदाजापुरताच मानावा.

किंमत परवडली, तरी पुढचा खर्च परवडेल का?

हा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा. गाडी घेताना एकदाच पैसे जातात, पण टायर, चेन, ब्रेक पॅड, विमा आणि सर्व्हिसिंग यांचे पैसे गाडी विकेपर्यंत जात राहतात.

स्पोर्ट गाडीचा मागचा टायर रुंद आणि बहुधा रेडियल असतो. त्याचे रबर मऊ असल्यामुळे तो रस्त्याला चांगला चिकटतो आणि त्याच कारणाने लवकर झिजतो. चेन उघडी असते, म्हणून साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच तिला साफ करून वंगण द्यावे लागते. यातली गंमत अशी की या गाड्यांना बहुधा मेन स्टँडच नसतो, त्यामुळे मागचे चाक उचलून फिरवायला वेगळा पॅडॉक स्टँड घ्यावा लागतो किंवा गाडी थोडी थोडी पुढे ढकलत चेनचा एकेक हात पुसावा लागतो. हे काम टाळले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन चढते ती दातेरी चाके) एकदमच बदलावे लागतात.

फेअरिंगचा खर्च दोन प्रकारचा असतो. पडल्यावर होतो तो उघड खर्च. पण किरकोळ कामासाठीही आधी फेअरिंग, आणि कधी टाकीसुद्धा, उतरवावी लागते, त्यामुळे मजुरीचा वेळ वाढतो. उतरवताना प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात आणि घाईत असलेला मेकॅनिक त्या तशाच सोडून देतो, मग ताशी ५० च्या पुढे कोठूनतरी खडखड ऐकू येऊ लागते. म्हणून गाडी पसंत करण्याआधी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जाऊन चार भागांची किंमत आणि ते मिळायला लागणारा वेळ विचारून घ्यावा: मागचा टायर, चेन-स्प्रॉकेटचा संच, पुढचे ब्रेक पॅड आणि फेअरिंगची एक बाजू. ‘मागवावे लागेल’ असे उत्तर चारपैकी दोन वेळा आले, तर तेवढे दिवस कामावर कसे जाणार, याचा विचार आधीच करावा. विम्याचा हप्ताही आधीच विचारावा, कारण ‘स्पोर्ट’ या शब्दासरशी तो पुष्कळदा वाढतो.

जुनी गाडी घ्यावी का?

चांगली मिळाली तर अवश्य घ्यावी, पण स्पोर्ट गाडीचा पहिला मालक बहुधा तिला सौम्यपणे चालवत नाही, हे गृहीत धरूनच पाहणी करावी. विक्रेत्याला गाडी आधी सुरू करून ठेवू नका असे सांगावे आणि पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहावा. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ किंवा चिकटलेल्या धुळीचे कडे दिसले, तर ऑइल सील गेले आहेत. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकलेल्या आकड्यांसारखे टोकदार झाले असतील, तर संच बदलायचा आहे असे धरून किंमत ठरवावी.

पडलेली गाडी ओळखण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: हँडलची टोके, लिव्हरचे गोळे, फूटपेगच्या कडा आणि सायलेन्सरचा बाहेरचा भाग. नव्याकोऱ्या फेअरिंगखाली घासलेला फूटपेग दिसला की गोष्ट स्पष्ट होते. त्यानंतर पुढचे चाक उचलून धरायला लावावे आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडखळले, तर हँडलचे बेअरिंग गेले आहे. हँडल दोन्ही बाजूंना सारखेच वळते का, हेही त्याच वेळी पाहावे. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंकांचा आकडा असतो. २३२४ असा असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. खाच भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर कडक झालेला असतो. कागदपत्रांवरील चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अंकागणिक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मागे कोणाला बसवता येते का आणि सामानाचे काय?

बसवता येते, परंतु मागची सीट उंच, आखूड आणि पातळ असते. कधीतरी कोणाला सोडायचे असेल तर ठीक. रोज जोडीने प्रवास असेल, तर हा प्रकार घेऊ नये. सामानासाठी पाठीवरची पिशवी मनगटांवरचा भार वाढवते, म्हणून मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधता येणारी बॅग बरी.

आवाजाचा सायलेन्सर आणि जाड टायर बसवावा का?

बसवू नये. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा जाड टायर बसवला की वळताना गाडी जड होते, ॲव्हरेज घटते आणि रिमवर टायरचा आकारही बिघडतो. आवाजाबद्दल शेजाऱ्यांना विचारावे.

तेच इंजिन असलेली, फेअरिंग नसलेली गाडी घ्यावी का?

हा प्रश्न मनात आला असेल, तर उत्तर बहुधा ‘हो’ असते. आर१५ आणि एमटी-१५, आरसी २०० आणि ड्यूक २००, जिक्सर एसएफ आणि जिक्सर या जोड्यांत इंजिन मूलतः एकच आहे. बदलते ते हँडल, फेअरिंग आणि बसण्याची पद्धत. फेअरिंग नसलेल्या गाडीचे हँडल रुंद असल्यामुळे ती गर्दीत सहज वळते, पाठ सरळ राहते आणि पडल्यावरचा खर्च कमी असतो. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मात्र फेअरिंगची किंमत वसूल होऊ लागते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि छातीवरचा तो मारा अर्ध्या तासात थकवतो. तरीही फेअरिंगची गाडी पाहिल्याशिवाय पाय निघत नसेल, तर तीच घ्यावी. रोज सकाळी जिच्याकडे बघून बरे वाटते ती गाडी माणूस निगुतीने ठेवतो, आणि मन मारून घेतलेली गाडी वर्षभरात विकायला काढतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

टेस्ट राइड कशी घ्यावी?

शोरूमभोवतीची पाच मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. शक्य असल्यास आपल्या रोजच्या वाटेवर, रोजच्या वेळी, आपल्याच हेल्मेटसह आणि पाठीवर नेहमीची पिशवी घेऊन किमान पाऊण तास गाडी मिळवावी. शोरूम देत नसेल, तर ओळखीतल्या कोणाची तरी मागावी. वाटेत एकदा गतिरोधकावरून, एकदा तुटक्या रस्त्यावरून आणि एकदा तीव्र चढावर थांबून निघावे. आरशांत आपली कोपरेच दिसतात की मागचा रस्ता, हे पाहावे. परत आल्यावर इंजिन बंद करून लगेच उतरू नये. दोन मिनिटे तसेच बसून मान, मनगटे आणि गुडघे यांपैकी काय बोलत आहे ते ऐकावे, मग उतरून गाडी हाताने दहा पावले मागे ढकलत नेऊन पाहावी.